वाहनांचे दोषनिदान आणि ‘कॅन’ संदेशपद्धती

वाहनांच्या दोषनिदानात आज सर्रास वापरली जाणारी ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ अर्थात ‘कॅन’ ही संदेशपद्धती जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. अमेरिकेत २००८ पासूनच्या नव्या मोटारींमध्ये निदानासाठी ती अनिवार्य झाली. इंजिन, ब्रेक इत्यादींचे नियंत्रक एकमेकींत पिळलेल्या दोन तारांवर संदेश पाठवितात. दोन संदेश एकाच वेळी निघाल्यास लहान ओळखक्रमांकाचा संदेश अखंड पुढे जातो, दुसरा थांबतो. ही योजना खरोखर देखणी आहे. परंतु हा क्रमांक संदेशाचा असतो. प्रेषकाची खातरजमा करण्याची सोय मूळ रचनेत नाही. परिणामी निदानाच्या जोडणीतून शिरलेले परके उपकरणही नियंत्रकांना आपल्यातलेच वाटते. अलीकडे काही वाहनांत संदेश गाळणारा मध्यस्थ नियंत्रक बसवितात. मात्र त्यामुळे स्वतंत्र गॅरेजवाल्याचे कामही अडते.