हौशी सीएनसी, लेखांक 9 : मोटर बदलण्याआधी चूक मोजा

नक्षी निम्म्यापर्यंत नीट उमटते आणि मग एकदम बाजूला सरकते, किंवा काम संपवून टूल शून्यावर परत येते ते मूळ खुणेच्या शेजारीच. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय मोटरवर जातो आणि नवी मोटर मागवली जाते. संशयितांच्या यादीत मोटरला शेवटचा क्रमांक द्यावा, असे माझे म्हणणे आहे. स्टेपर मोटरमध्ये ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही. झिजण्यासारखी असतात ती फक्त दोन बेअरिंगे. तिच्याभोवती मात्र बिघडण्यासारखे पुष्कळ असते: ड्रायव्हर, कनेक्टर, कपलिंग, लीडस्क्रू, सेटिंग. यांपैकी दोषी कोण, हे ठरवायला टूल किती सरकले हा आकडाच पुष्कळ मदत करतो. पण तो मोजण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही.

आकड्याला एवढे महत्त्व का, ते पाहू. साधी 1.8 अंशांची मोटर एका फेऱ्यात 200 पूर्ण स्टेप घेते आणि तिच्या रोटरवर 50 दात असतात. कॉइलमधल्या प्रवाहाचे चक्र दर चार पूर्ण स्टेपनंतर पुन्हा पहिल्यासारखे होते. त्यामुळे भार न पेलून रोटर मागे पडला, तर तो मधेच कुठे तरी अडकून राहत नाही. एक दात सोडून पुढच्या स्थिर जागी बसतो. म्हणजे चूक 4 स्टेपची, 7.2 अंशांची, किंवा तिच्या पटीतली. लीडस्क्रूचा लीड 4 मिमी असेल, तर हे अंतर 0.08 मिमी होते, म्हणजे डायल गेजवर नेमके आठ भाग. 20 दातांची पुली आणि जीटी2 पट्टा असेल, तर तेच 0.8 मिमी. मोजताना मधे वीज बंद करायची नाही, आणि ग्रबल फर्मवेअरमध्ये $1=255 ठेवायचे, म्हणजे मोटर जागा धरून राहते. नटमध्येच खेळ असेल तर हा हिशेब कसा जुळणार, अशी शंका इथे कुणी काढेल. शंका रास्त आहे; पण खेळामुळे येणारा फरक दहा वेळा काम चालवले तरी तेवढाच राहतो, साचत नाही. दोन्ही वेळा एकाच बाजूने खुणेवर आले, की तो हिशेबातून जवळजवळ निघूनच जातो.

आकडा 0.08 च्या पटीत बसत नसेल, तर रोटर घसरलाच नाही असे समजायला हरकत नाही. मग आधी कपलिंगचा ग्रब स्क्रू पाहावा. शाफ्ट आणि कपलिंग यांवर मिळून मार्करने एक आडवी रेघ ओढा. काम संपल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर आणखी शोधायला नको. रेघ जुळलेली असेल आणि काम उठावदार कोरीवकामासारखे सतत पुढे-मागे जाणारे असेल, तर दिशेच्या सिग्नलकडे वळा. दिशा बदलल्यावर पुढचा पल्स येण्याआधी ड्रायव्हरला थोडा वेळ लागतो. डीएम542 सारख्या ड्रायव्हरला 5 मायक्रोसेकंद. पल्सची ध्रुवता उलटी असली, तर तेवढी उसंत मिळत नाही आणि पहिला पल्स जुन्याच दिशेला जातो. ड्रायव्हरच्या इनपुटवरच्या ऑप्टोकपलरला चालू व्हायला आणि बंद व्हायला सारखा वेळ लागत नाही, म्हणून ही चूक बहुधा एकाच बाजूच्या वळणावर होते आणि साचत जाते. 1/16 मायक्रोस्टेपवर, 4 मिमी लीडला, एका चुकीचे मोल 0.0025 मिमी. डोळ्याला ते दिसणारही नाही, पण 400 फेऱ्यांत पूर्ण 1 मिमी होते. मोटर बदलून यात काय साधणार? इथे ग्रबलमधले $2, म्हणजे पल्सची ध्रुवता, बदलून पाहायचे असते.

आकडा पटीत आला, तर रोटर खरोखर घसरला. तरीही मोटर निर्दोष असू शकते. वेग वाढतो तसा कॉइलमध्ये प्रवाह चढायला वेळ पुरत नाही आणि टॉर्क घटतो. 12 व्होल्टवर तो 24 पेक्षा लवकर घटतो. म्हणून तेच काम टूल उचलून हवेत चालवून पाहावे. हवेतही स्टेप चुकली, तर कटरचा दोष नाही. कमाल वेग आणि त्वरण (एक्ससाठी $110 आणि $120) निम्म्यावर आणा, वीज बंद करून लीडस्क्रू हाताने टोकापासून टोकापर्यंत फिरवा, कुठे जड लागतो ते पाहा. करंट वाढवणे हा लोकप्रिय उपाय. माझ्या मते तो घाईने करू नये. ए4988 हीटसिंकशिवाय सुमारे 1 अँपिअरच पेलतो. त्यापुढे चिप तापते, स्वतःला बंद करते, निवली की पुन्हा चालू होते, आणि तेवढ्यात स्टेप निघून गेलेल्या असतात. मोटर हात लावू नये इतकी गरम झाली म्हणून ती बिघडली, असेही नव्हे; उभ्या असलेल्या मोटरमधूनही प्रवाह वाहतच असतो.

नवी मोटर लावून पाहणे हीच झटपट चाचणी नाही का? त्याहून झटपट आणि फुकट चाचणी आहे. वीज बंद करून एक्स आणि वायच्या मोटरचे प्लग ड्रायव्हरच्या बाजूला अदलाबदल करा. दोष मोटरबरोबर दुसऱ्या ड्रायव्हरवर गेला, तर मोटर किंवा तिची वायर. जागीच राहिला, तर ड्रायव्हर किंवा त्याच्या मागचा सिग्नल. मोटर न फिरता जागेवर थरथरत असेल, तर एका कॉइलचे सर्किट तुटलेले असण्याची शक्यता मोठी, आणि तेही बहुधा मोटरच्या आत नव्हे, कनेक्टरच्या क्रिंपमध्ये. दोन्ही जोड्यांचा रोध मल्टिमीटरवर सारखा यायला हवा. मोजताना वायर वाकते तिथे हलवून पाहा. हे सगळे करताना एकच पथ्य कडक पाळा: ड्रायव्हर चालू असताना मोटरचा प्लग काढू नका. कॉइलमधून उसळणाऱ्या व्होल्टेजने धडधाकट ड्रायव्हरही क्षणात जळतो.