हा दिवा विझतो का?

दोस्तांनो, बाबा मोटारीची किल्ली फिरवतात तेव्हा समोर दिव्यांची दिवाळी होते, पाहिलीत ना? त्यात एक चित्र असतं : पट्टा लावून बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा. हा एअरबॅगचा दिवा! काही सेकंदांत तो विझला, तर गाडीची स्वतःची तपासणी ठीक झाली. पण जळतच राहिला तर? मग या यंत्रणेत कुठे तरी बिघाड आहे आणि ऐन अपघातात पिशवी फुगेलच, याची खात्री नाही!

आता गंमत बघा. एअरबॅग फुगते एकदाच, तीही सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात! फुगवून तर तिची परीक्षा घेता येत नाही. म्हणून गाडीतला छोटा संगणक तिच्या सर्किटमधून अगदी क्षीण वीज सोडतो आणि रोध मोजत राहतो. तो साधारण २ ते ३ ओहम असतो. फार वाढला, तर तार तुटली असेल किंवा जोड सैल झाला असेल. फार घटला, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील. संगणक लगेच नोंद करतो आणि दिवा लावतो.

ही नोंद वाचणारं यंत्र म्हणजे स्कॅनर. मेकॅनिककाका तो स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला जोडतात. पडद्यावर एक अक्षर आणि पुढे आकडे येतात. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअर, ‘सी’ म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग वगैरे आणि ‘बी’ म्हणजे बॉडी. एअरबॅगचे कोड बहुधा ‘बी’चे. स्वस्तातले स्कॅनर पुष्कळदा फक्त ‘पी’ वाचतात. त्यांनी ‘कोड नाही’ म्हटलं, म्हणून एअरबॅग ठणठणीत, असं नव्हे बरं का!

समजा, स्कॅनर म्हणाला, ‘चालकाच्या एअरबॅगचा रोध जास्त.’ लगेच नवी एअरबॅग आणायची? छे! थर्मामीटर ताप दाखवतो, मलेरिया की फ्लू ते सांगत नाही. तसंच हे. दोष पिशवीत असेल, जोडात असेल किंवा स्टिअरिंगबरोबर फिरणाऱ्या गुंडाळलेल्या तारेच्या पट्टीत असेल. ते शोधावंच लागतं. नुसता कोड पुसला, तर दोष तिथेच राहतो आणि दिवा पुन्हा लागतो. आणि हो, घरच्या मीटरने एअरबॅगच्या तारा कधीही तपासू नका. मीटरच्या विजेनेही ती फुटू शकते!

तुमचं काम काय? बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटखाली या यंत्रणेचे पिवळे जोड असतात. दप्तर किंवा पाण्याची बाटली तिथे कोंबलीत, तर जोड सैल होऊ शकतो. तेव्हा सीटखाली काही कोंबू नका. मागे बसा, पट्टा लावा. एअरबॅग पट्ट्याची मदतनीस आहे, बदली खेळाडू नव्हे!

आणि उद्या गाडी सुरू झाली, की विचारा, ‘‘बाबा, तो दिवा विझला का?’’