विश्लेषण : डीएनएची चौपदरी घडी कर्करोगाविरुद्ध कशी वापरणार?

डीएनए म्हटले की पाठ्यपुस्तकातली पिळदार शिडी आठवते. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडलेले ते चित्र बरोबरच आहे, पण अपुरे. पेशीत काही ठिकाणी डीएनएचा एकच धागा स्वतःवर दुमडतो आणि त्याची चौपदरी घडी बसते. तिचे नाव ‘जी-क्वाड्रुप्लेक्स’.

घडी बसते कशी?

डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘जी’ म्हणजे ग्वानिन. धाग्यात लागोपाठच्या ‘जीं’चे चार गट जवळजवळ आले, की प्रत्येक गटातला एकेक ग्वानिन मिळून चौकोन तयार होतो. असे चौकोन एकावर एक रचले जातात आणि मधल्या पोकळीत पोटॅशियम नेमका बसतो. सोडियम असेल तर घडी सैल पडते. लिथियम तिला फारसा आधार देत नाही. आपल्या पेशींत भरपूर असतो तो पोटॅशियमच!

हा चौकोन १९६२ मध्येच माहीत झाला होता. तरी ‘ही परीक्षानळीतली करामत’ असा संशय बरीच वर्षे राहिला. २०१३ मध्ये केंब्रिज विद्यापीठात चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमणियन यांच्या गटाने या घडीलाच चिकटणारे प्रतिपिंड वापरून ती मानवी पेशींत दाखवली. डीएनएची नक्कल होत असताना अशा घड्या सर्वाधिक दिसल्या.

मग औषध कुठे अडले?

घडी फार पक्की झाली तर नक्कल करणारी यंत्रणा तिथेच अडते आणि डीएनए तुटू शकतो. म्हणून पेशीकडे घड्या उलगडणारी हेलिकेज नावाची प्रथिने असतात. त्यांतले एक सदोष असेल तर वर्नर सिंड्रोम होतो; ऐन विशी-तिशीत केस पिकू लागतात.

संशोधकांनी हाच धोका शस्त्र म्हणून वापरायचे ठरवले. बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या कर्करोगपेशींना तुटलेला डीएनए नीट जोडता येत नाही. तिथे घड्या पक्क्या केल्या तर त्या पेशी मरतील, असा हिशेब. ‘सीएक्स-५४६१’ या औषधाची रुग्णांवर चाचणी झाली. काहींचे ट्यूमर आकसले, पण प्रकाशामुळे त्वचेला होणाऱ्या त्रासाने मात्रा वाढवण्यावर मर्यादा आली.

मूळ अडचण वेगळीच आहे. मानवी डीएनएत अशी घडी बसू शकेल अशा सात लाखांहून अधिक जागा प्रयोगशाळेत सापडल्या आहेत. त्यांतली हवी तेवढीच घडी ओळखून बाकीच्यांना हात न लावणारे औषध अजून मिळालेले नाही.