पॉइंट टू-टूचे चेंबर

संपादकांनी नेमबाजी केंद्राचा परिचय लिहिण्याची आज्ञा केली होती. परंतु केंद्राचे दफ्तर ओझरते चाळून शस्त्रदुरुस्तीच्या खोलीत जो शिरलो, तो तेथील वृद्ध कारागिराने रायफलीचा बोल्ट काढून नळीच्या मागच्या तोंडाशी असलेली, काडतूस बसण्याची ती चिमुकली पोकळी, म्हणजे चेंबर, दाखविताच तेथेच खिळून राहिलो. नेमबाज स्वप्निल कुसळे यांनी 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफलीचे कांस्यपदक मिळविले ते ज्या जातीच्या काडतुसावर, ते ‘लाँग रायफल’ 1887 पासूनचे. त्याचा पूर्वज ‘शॉर्ट’ 1857 चा.

या काडतुसांचा स्फोटक मसाला बुडाच्या किनारीत भरलेला असतो, आणि पिनेच्या आघाताने ती किनार चेपली जावी म्हणून पितळ मुद्दाम पातळ ठेवावे लागते. म्हणजे दारूचा दाब सोसण्याचे सामर्थ्य त्या पितळात नव्हे, तर त्याला सर्व बाजूंनी बिलगलेल्या चेंबरच्या पोलादी भिंतीत असते. ही व्यवस्था मला विलक्षण वाटली.

‘शॉर्ट’ची पुंगळी ‘लाँग रायफल’हून सुमारे 5 मिलिमीटर आखूड असल्यामुळे ती लांब चेंबरमध्ये निर्वेध उडते, मात्र तिच्यापुढे उघड्या राहणाऱ्या पट्ट्यात शिसे, मेण आणि काजळी यांचे कडे साचते, आणि पुढे लांब काडतूस तेथे अडते किंवा उडाल्यावर निघता निघत नाही. शिवाय ‘लाँग रायफल’च्या नळीचा पीळ बहुधा 16 इंचांत एक फेरा घेतो, तर ‘शॉर्ट’च्या हलक्या गोळीला 20 किंवा 24 इंचांचा सौम्य पीळ मानवतो, त्यामुळे नेमही थोडा बिघडतो.

“हे कडं ब्रशाने निघतं, साहेब, खरी भीती मॅग्नमची,” कारागीर म्हणाला. 1959 च्या या काडतुसाची पुंगळी व्यासाने सुमारे 0.4 मिलिमीटर अधिक जाड असते. ती ‘लाँग रायफल’च्या चेंबरमध्ये शिरतच नाही, हे सुदैव. पण ‘लाँग रायफल’ मात्र मॅग्नमच्या चेंबरमध्ये सहज शिरते, आणि चाप ओढताच, आधार नसलेले ते पातळ पितळ फुगून फाटते व तप्त वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, उसळू शकतो. मॅग्नमच्या चेंबरमध्ये निर्धोक चालते ते 1890 चे ‘डब्ल्यू. आर. एफ.’ काडतूस, कारण त्याची जाडी तीच आहे.

परवानाधारकांना एवढीच विनंती, की काडतुसे खरेदी करण्यापूर्वी नळीवर कोरलेले संपूर्ण नाव डब्यावरील नावाशी अक्षरशः ताडून पाहावे. केवळ ‘पॉइंट टू-टू’ या सर्वांच्या सामाईक नावावर विसंबू नये.