केसांचा रंग आणि परीक्षेचे गुण

हायस्कूलमध्ये जाणाऱ्या मुलीवर अभ्यासाचे दडपण असते, हे काही नवे नाही. पुण्या-मुंबईतही ते असते. जपानमध्ये त्याच्या जोडीला आणखी एक दडपण येते, ते म्हणजे इतरांसारखे दिसण्याचे.

शाळेच्या नियमांना इथे कोसोकु म्हणतात. अनेक शाळांत केस रंगवायला, कुरळे करायला आणि कानात काही घालायला बंदी असते. केस मुळातच काळे किंवा सरळ नसतील, तर काही शाळा पालकांकडून तसे लिहून घेतात. त्या कागदाला जिगे शोमेइशो म्हणतात. केस जन्मापासून असेच आहेत याचा दाखला!

२०१५ साली ओसाका प्रांतातल्या हाबिकिनो येथील काइफूकान या सरकारी हायस्कूलमध्ये एका मुलीने प्रवेश घेतला. तिचे केस जन्मतःच तपकिरी आहेत, असे आईने शाळेला आधीच सांगितले होते. तरी शाळेने तिला पुन्हा पुन्हा केस काळे करायला लावले. शेवटी तिने शाळेत जाणेच सोडले. मग वर्गातून तिचे बाक हलवले गेले आणि यादीतून नावही गेले. २०१७ मध्ये तिने ओसाका प्रांतावर दावा लावला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई दिली, पण ती फक्त बाक आणि नाव काढल्याबद्दल. केसांचा नियम मात्र न्यायालयाने योग्य ठरवला. मला हा न्याय अर्धाच वाटतो. तरी या खटल्यामुळे असल्या जाचक नियमांची देशभर चर्चा झाली, आणि तोक्यो महानगराच्या सरकारी हायस्कूलांनी एप्रिल २०२२ पासून केस काळे करायला लावणे, अंतर्वस्त्रांचा रंग ठरवून देणे असे नियम रद्द केले. खासगी शाळांना हे लागू नाही.

मग मुली आधीच का बोलत नाहीत? एक कारण नाइशिन. म्हणजे चुगाक्कोच्या शिक्षकांनी दिलेली श्रेणी. तोक्योच्या सरकारी हायस्कूलच्या प्रवेशात साधारणपणे ७ हिस्से लेखी परीक्षेचे आणि ३ हिस्से नाइशिनचे धरतात. ज्यांच्या हातात ते ३ हिस्से, त्यांच्याशी वाद कोण घालणार?

आपल्या मुलींचा आणखी एक प्रश्न असतो, कानांचा. आपल्याकडे कान तान्हेपणीच टोचतात. जपानी शिक्षकांना मात्र कानाचे भोक दिसले की मुलीने नियम मोडला असे वाटू शकते. हा आमच्याकडचा संस्कार आहे, असे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच जपानीत लिहून द्यावे. नंतर खुलासे करत बसण्यापेक्षा ते सोपे.

आता गुणांविषयी. तोक्योच्या सरकारी हायस्कूलांत मुलगे आणि मुली यांच्या जागा वेगळ्या असत. युद्धानंतर मुलींना जागा मिळाव्यात म्हणून ही पद्धत आली, पण पुढे उलटेच झाले. बऱ्याच शाळांत मुलींना मुलग्यांपेक्षा जास्त गुण लागू लागले. ही पद्धत टप्प्याटप्प्याने कमी करत २०२४ च्या प्रवेशापासून पूर्ण बंद झाली. आता यादी एकच.

डॉक्टर व्हायचे असेल तर हेही माहीत हवे. ऑगस्ट २०१८ मध्ये तोक्यो मेडिकल युनिव्हर्सिटीने मुलींचे गुण मुद्दाम कमी केल्याचे उघड झाले. बायका लग्नानंतर नोकरी सोडतात, हे त्यामागचे कारण. जुन्तेन्दो विद्यापीठाचा खुलासा तर ऐकण्यासारखा होता. या वयात मुली बोलण्यात मुलग्यांच्या पुढे असतात, म्हणून मुलाखतीत त्यांना जड मापाने तोलले, म्हणे! चौकशी झाली, विद्यापीठांना पद्धत बदलावी लागली. २०२१ च्या प्रवेशात देशातल्या सगळ्या वैद्यकीय विद्याशाखा मिळून मुलींचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण पहिल्यांदाच मुलग्यांपेक्षा किंचित जास्त आले.

शाळांच्या माहितीसभा, म्हणजे सेत्सुमेइकाई, परीक्षेच्या कित्येक महिने आधीपासून सुरू होतात. जाल तेव्हा कोसोकु वाचायला मागा. कान, केस आणि थंडीत स्कर्टऐवजी पँट चालते का, एवढे तीन प्रश्न तिथेच विचारून घ्या.