चौदा एप्रिलची सुट्टी कुणाला?

एप्रिल आला की पनवेलच्या बायका आम्हाला हमखास विचारतात, "ताई, आंबेडकर जयंतीला बँक बंद, तहसील कचेरी बंद. मग आम्हालाच दुकानात का बोलावतात? नाही गेलं तर पगार कापतात."

त्याचं असं आहे. १४ एप्रिलची सार्वजनिक सुट्टी सरकार १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली जाहीर करतं. नाव जड, पण हा मुळात चेक-हुंडीचा कायदा. त्याने बँका बंद राहतात, सरकारी कचेऱ्याही. खाजगी मालकाला ती सुट्टी आपोआप लागू होत नाही.

दुकानांचा कायदा वेगळा, २०१७ चा. तो मोठ्या दुकानांना आणि हॉटेलांना पूर्ण लागू होतो, दोन-चार माणसांच्या दुकानाला नाही. त्यात वर्षाला सणांच्या ८ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या ४ मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. त्या चारांत १४ एप्रिल घालून घ्यायचा, तोही वर्षाच्या सुरुवातीलाच. पण चारही सण मालकच परस्पर ठरवतो आणि आपण मान डोलावतो, असंच फार दिसतं.

सोसायट्यांत धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्यांना तर हाही आधार नाही. २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आलं. नोंदणी जरूर करा, पण पगारी सुट्टीची हमी त्यात नाही. काम धरतानाच सुट्ट्यांचं बोलून घ्या. एकाच इमारतीतल्या चौघी मिळून बोलल्या तर जास्त बरं.

महाडचं चवदार तळं आपल्याच रायगड जिल्ह्यातलं, त्यामुळे १९२७ चा सत्याग्रह आपल्याला ठाऊक असतो. पगारी रजेची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्या काळात, १९४५ साली, कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवसांची पगारी रजा मिळाली. पुढच्या वर्षी बारमाही कारखान्यांतला ५४ तासांचा आठवडा ४८ वर आला. त्याआधी १९२८ साली, मुंबईच्या कायदेमंडळात, गिरणीतल्या बायकांना बाळंतपणात पगारी रजा मिळावी म्हणून ते बोलले होते. आणि त्यांच्याच जयंतीला बाई रजा मागते, तर तिचा खाडा लागतो!

यंदा पूर्ण दिवस जमत नसेल, तर अर्ध्या दिवसाचं तरी आत्ताच बोला. मिरवणुका संध्याकाळीच निघतात.