रक्ताच्या कर्करोगाचे निदान : प्रखर उपचार व मानसिक सिद्धता

ल्युकेमिया अर्थात रक्ताचा कर्करोग अस्थिमज्जेत उद्भवतो. अपक्व श्वेतपेशी बेसुमार वाढतात व निरोगी पेशींना जागा उरत नाही. थकवा, ताप, हिरड्यांतून रक्त येणे अशा किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींवरून रक्ततपासणी होते आणि तीव्र प्रकारात काही दिवसांतच उपचार सुरू करावे लागतात. आघात पचविणे व संमतिपत्रावर सही करणे ही दोन्ही कामे त्यामुळे एकाच आठवड्यात येऊन पडतात.

नागपुरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट येथे विदर्भाप्रमाणेच छिंदवाडा-बालाघाटकडील रुग्णही येतात. अनेक कुटुंबांत रुग्णाला ‘रक्त कमी झाले आहे’ एवढेच सांगितले जाते. हेतू मायेचा असतो. परंतु ‘कर्करोग’ हा शब्द रुग्णालयाच्या फलकावरच असतो. सत्य कळूनही कोणी बोलत नाही, तेव्हा रुग्ण आपली भीती मनातच ठेवतो. माहिती द्यावी, मात्र थोडीथोडी. निदान ऐकल्यानंतरचे बोलणे बहुधा लक्षात राहत नाही. म्हणून प्रश्न वहीत लिहून न्यावेत आणि सोबत कोणी असावे.

पहिल्या टप्प्यातील औषधे निरोगी पेशीही नष्ट करतात. त्यानंतर काही आठवडे प्रतिकारशक्ती अत्यल्प असते. अशा वेळी १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तरी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. नागपूरच्या मे महिन्यात हा ताप ‘ऊन लागले’ म्हणून घरीच पन्ह्यावर निभावला जाण्याचा धोका आहे. भेटीस येणारे आप्त संत्री आणतात. तोंड आलेल्या रुग्णास ती झोंबतात, पण आप्तांचा सर्दी-खोकला त्याहून घातक.

खरी कसोटी पुढे असते. निदानसमयी शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असू शकतात. त्यांपैकी ९९ टक्के नष्ट झाल्या तरी एक हजार कोटी उरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिमज्जा मात्र सामान्य दिसू शकते. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणजे रोग संपला असे नव्हे. लिम्फोब्लास्टिक प्रकारात उपचार २ ते ३ वर्षे चालतात. नेमक्या याच वेळी पैसा संपलेला असतो, पेरणी तोंडावर असते, मूल हसू-खेळू लागलेले असते. आणि कुटुंब गावी परतते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पात्र रुग्णांस उपचारखर्चाचे साहाय्य मिळते, बुडालेली मजुरी मिळत नाही. अशा कुटुंबास बेफिकीर म्हणणे अन्यायाचे होय.

रुग्ण महाविद्यालयीन विद्यार्थी असल्यास हजेरी व परीक्षेची सवलत प्राध्यापकांनी आपणहून सुचवावी. प्लेटलेट्स साठवणीत साधारण ५ दिवसच टिकतात. त्यामुळे वर्षातून एकदा भरणाऱ्या रक्तदान शिबिरापेक्षा, दूरध्वनी करताच येणाऱ्या दहा-बारा विद्यार्थ्यांची रक्तगटनिहाय यादी विभागात असणे अशा वेळी अधिक उपयोगी पडते.